एकाच झाडाचा पाला

माझ्या नोकरीतला निम्मा वेळ मी शेण बघण्यात घालवला. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे फराळाची ताटली मांडीवर घेऊन अंक चाळणाऱ्यांना पान उलटायची मोकळीक राहील. जे थांबतील त्यांना सांगते, की आमच्या धंद्यात शेणाला फार मान आहे. आमचा पेशंट कुठं दुखतं ते सांगत नाही, आणि पेशंटचा मालक जे सांगतो त्यातलं अर्धं त्याच्या सोयीचं असतं. शेण मात्र जसं आहे तसं समोर पडलेलं असतं. शेळीची लेंडी ओलसर, काळपट हिरवी आणि बोटांत सहज फुटणारी असली, की मी निम्मी निश्चिंत व्हायची.

भोकरदन तालुक्यात मी बरीच वर्षं पशुधन विकास अधिकारी होते. लोकांच्या तोंडी मात्र मी ‘ढोराची डॉक्टरीण’. रुजू झाले त्या दिवशी दवाखान्यात पहिला माणूस आला तो गोऱ्हा घेऊन. मला बघून म्हणाला, “डॉक्टर कुठं गेलेत?” मी म्हटलं, “मीच डॉक्टर.” त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, गोऱ्हा खांबाला बांधला आणि पायरीवर बसला. “बसतो मंग,” तो म्हणाला, “येतील ते.” बराच वेळ बसला बिचारा. शेवटी गोऱ्ह्यालाच दम निघेना, तेव्हा उठला.

पुढं लोकांना माझी सवय झाली, पण ती फक्त माझ्या हातांची. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून मी घामानं निथळत असायची आणि भोवती गावातली दहा माणसं उभी असायची. त्यातला एकही माझ्याशी बोलायचा नाही. सगळे गाईशी बोलायचे. “जरा दम धर माय, होऊन राह्यलं, झालंच बघ.” वासरू बाहेर आलं की सगळे वासराशी बोलायला लागायचे. मी हौदावर हात धुऊन पेटी उचलायची आणि निघायची.

राजूरला गणपतीच्या रस्त्यावर एका किराणा दुकानाच्या वर माझी खोली होती. लग्न केलं नाही. का नाही केलं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो लेख मी लिहिणार नाही. चतुर्थीला माझ्या जिन्यावरसुद्धा दर्शनाला आलेली माणसं बसलेली असायची, चपला सांभाळत, केळी सोलत. मी त्यांच्यातून वाट काढत वर जायची आणि दार लावून घ्यायची. दुसऱ्या दिवशी जिना पुन्हा मोकळा व्हायचा. मला गर्दीचा त्रास व्हायचा नाही, पण त्या मोकळ्या जिन्याचा व्हायचा.

असो. लेख चाऱ्याबद्दल आहे, तिकडं वळते.

मधली काही वर्षं मी बदनापूरच्या बाजूला होते. तिथं दामूअण्णा म्हणून एक हौशी गृहस्थ होते. त्यांच्या मोबाईलवर शेतीचे जेवढे व्हिडिओ होते तेवढे माझ्या सगळ्या शिक्षणात मी पाहिले नसतील. एकदा त्यांचा फोन आला, म्हैस खात नाही, रवंथ करत नाही, नुसती भिंतीकडं तोंड करून उभी आहे. गेले. शेण पाहिलं तर दगडासारखं. काय घातलं म्हणून विचारलं, तर अण्णांनी मोठ्या अभिमानानं पोत्याकडं बोट दाखवलं. बाभळीच्या शेंगा भरडून, त्या म्हशीनं नाकारू नयेत म्हणून वर गुळाचं पाणी शिंपडलेलं.

“शेळ्या खातेत की,” अण्णा म्हणाले. “आमच्या शेजाऱ्याच्या शेळ्या निस्त्या शेंगांवर गुबगुबीत झाल्यात. ह्या म्हशीला काय झालं मंग? व्हीआयपी हाय का ती?”

मी एक शेंग त्यांच्या हातात दिली आणि चावायला सांगितली. त्यांनी चावली. चेहरा असा काही आक्रसला, की त्यांच्या सौभाग्यवती पदर तोंडाला लावून आत पळाल्या. अण्णांची जीभ टाळूला चिकटली होती. मी म्हटलं, “अण्णा, तुमच्या तोंडात जे झालंय ना, ते म्हशीच्या पोटात झालंय.”

हा जो तुरटपणा, त्याला आमच्या पुस्तकांत टॅनिन म्हणतात. कच्च्या सुपारीत असतो, जांभळात असतो, फार उकळलेल्या चहात असतो, आणि बाभूळ, बोर, खैर अशा आपल्या कोरडवाहू मुलखातल्या झाडाझुडपांत भरपूर असतो. झाड खाणाऱ्यापासून पळून जाऊ शकत नाही, म्हणून त्यानं आपल्या पाल्यात केलेली ही सोय. बाभळीच्या सालीत कातडं मुरवून चामडं करतात ते ह्याच्याच जोरावर. टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला घट्ट धरतं, मग ते कुजत नाही. पोटात गेल्यावर ते चाऱ्यातल्या प्रथिनालाही तसंच धरतं, मग ते पचत नाही. शेळीच्या लाळेत काही प्रथिनं अशी असतात, की ती टॅनिनला तोंडातच पकडून गप्प बसवतात. गाई-म्हशींची लाळ त्या कामात कच्ची.

पण टॅनिनला नुसतं खलनायक करू नका. थोडं पोटात गेलं तर उलट गुण येतो. जंतांना ते मानवत नाही. चाऱ्यातलं चांगलं प्रथिन एरवी पोटाच्या पहिल्याच कप्प्यात वाया जातं, ते त्याच्यामुळं पुढं पोचतं. सगळा प्रश्न थोडं म्हणजे किती, हा आहे. आणि तो हिशेब शेळीला आपण शिकवावा लागत नाही, फक्त तिला मोकळं सोडावं लागतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पाहिलं ते गयाबाईंच्या शेळ्यांच्या मागं फिरताना.

गयाबाई माझ्याच वयाच्या. राजूरपासून आत एका गावात राहायच्या. गावाचं नाव लिहीत नाही, त्या लोकांवर माझा राग नाही आणि त्यांचा माझ्यावर व्हायला नको. नवरा वारलेला, एकुलता मुलगा संतोष चाकणला एका कंपनीत, सून तिकडंच, एक नात. गयाबाई गावाबाहेर आपल्या शेतातल्या वस्तीवर एकट्या राहायच्या आणि दहा-बारा शेळ्या घेऊन रोज गावामागच्या डोंगरावर जायच्या. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचायला मी डोंगरपायथ्याशी गेले, तेव्हा त्यांची पहिली भेट झाली. मी शेळी धरली, त्यांनी मला धरलं.

“तुमी डबा आणला का?” त्यांनी विचारलं. “आणला आसंल तं सावलीत बसा. उन्हात हुबं राहून सुई टोचली तं सुई बी तापती.”

असलं वैद्यकशास्त्र मी परभणीच्या कॉलेजात शिकले नव्हते, पण बसले. त्यानंतर त्या बाजूला काम निघालं की मी डबा घेऊनच जायची. काम निघालं नाही तर काढायची.

गयाबाई अखंड बोलायच्या. निम्मं माझ्याशी, निम्मं शेळ्यांशी, आणि कुठलं कुणाशी हे ज्याचं त्यानं ओळखायचं. “मंग त्या सुनेनं काय केलं, ये चितळे, हिकडं मर, तिकडं कपाशी हाय लोकाची! तं सून गेल्ती माहेराला…” दुपारी नाल्याच्या डोहावर चार गावचे गुराखी आणि शेळ्यावाल्या बाया पाण्याला जमायच्या. कुणाचं लग्न जमलं, कुणाचं मोडलं, कुणाच्या बैलाला काय झालं, सगळं तिथं कळायचं. माझ्या दवाखान्यात नोंद व्हायच्या आधी रोगाची बातमी त्या डोहावर पोचलेली असायची.

आणि शेळ्या. शेळी चरताना कधी नीट पाहिली आहे का? ती एका झुडपापाशी थांबतच नाही. बाभळीच्या खाली पडलेल्या चार शेंगा उचलल्या, की निघाली बोरीकडं. मागच्या दोन पायांवर उभी राहून बोरीचा कोवळा शेंडा ओरबाडला, की उतरली. मग वाळलेलं कुसळी गवत, मग कडुलिंबाचं एखादं पान, मग आणखी काहीतरी, ज्याचं नाव मलाही ठाऊक नाही. आपण तिला चंचल म्हणतो. ती चंचल नसते. एकाच झाडाचा तुरटपणा अंगावर येऊ नये म्हणून ती फिरत असते.

मग गावात चराईबंदी झाली. डोंगर पार बोडका झाला होता, चर खणून झाले होते, रोपं लागणार होती, म्हणून मोकाट चारणं बंद करायचं असा ग्रामसभेत ठराव झाला. मी त्या सभेला होते. बंदिस्त शेळीपालनावर चार शब्द बोललेसुद्धा. निर्णय चुकीचा होता असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तो डोंगर आज जाऊन बघा, हिरवा आहे, खालच्या विहिरींना पाणी आहे. हात वर करणाऱ्यांत गयाबाईही होत्या. “समद्याच्या भल्याचं हाय तं आपुन कामून आडवं पडावं?” असं त्या सभेतून निघताना मला म्हणाल्या होत्या.

त्यांनी शेळ्या वस्तीवर बांधल्या. शेळ्या चारायलाच न्यायच्या नाहीत म्हटल्यावर गयाबाई डोहावर तरी कशाला जातील? डोहावरचा बाजार उठला. बाकीच्यांनी शेळ्या कमी केल्या, कुणी विकल्या, कुणी दुसऱ्या कामाला लागले.

काही आठवड्यांनी संतोषचा चाकणहून फोन आला.

“मॅडम, मी संतोष, गयाबाईचा पोरगा. आईच्या शेळ्या खाऊन न्हाई राह्यल्या. एक गाभण तं बसूनच हाय म्हणती.”

“उद्या जाते,” मी म्हटलं.

“मॅडम, एक सांगू का? रागावू नका. आई त्या शेळ्यांपायी एकटी पडून राह्यलीय वस्तीवर. मी किती बोलावलं, येत न्हाई. पोरगी आजीला इचारून राह्यली रोज. तुमी फक्त म्हणा, की ह्या शेळ्या काही जगत न्हाईत, इकून टाका. तुमचा शब्द ती खाली पडू देत न्हाई.”

वाईट मुलगा नव्हता. आईचं काही विकून खायचं नव्हतं त्याला, त्याला आईच हवी होती. मी म्हटलं, आधी शेळ्या बघू दे.

वस्तीवर गेले तर दावणीत बाभळीच्या शेंगांचा ढीग आणि बाजूला बाभळीचेच डहाळे. त्यांच्या बांधावर बाभळी चिक्कार होत्या. आकडी लावून शेंगा झोडायच्या, पाटीत भरायच्या आणि दावणीत ओतायच्या. दुसरं काही नाही. शेळ्या माना खाली घालून उभ्या होत्या. चितळी, ती गाभण, बसलेली होती. मी तिच्या डाव्या कुशीवर मूठ दाबून धरली. पोटाची हालचाल मुठीला कळते, आत काहीतरी सावकाश ढवळल्यासारखं. तिच्या पोटात सगळं थबकलेलं होतं. लेंड्या बारीक, टणक, शेंबडात लडबडलेल्या. डोळ्याची पापणी उलटी करून पाहिली तर आतून छान गुलाबी. म्हणजे जंत नव्हते. तेवढं काम बाभळीनं चोख केलं होतं.

“गयाबाई, ह्यांना शेंगाच घालता का दिवसभर?”

“सकाळ-संध्याकाळ,” त्या म्हणाल्या. “जिवापाड झोडून आणते. डोंगरावर ह्या शेंगांसाठी एकमेकीला ढुशा मारायच्या. म्हणलं, आता बांधल्यात बिचाऱ्या, आपल्यापायी कोंडून पडल्यात, तं आवडीचं तरी खाऊ द्यावं.”

“त्यानंच झालंय.”

त्यांच्या हातातली पाटी तशीच राहिली. “म्या इख घातलं का मंग?”

“विष नाही हो. एकच एक झालं. डोंगरावर त्या आपलं ताट आपण वाढून घ्यायच्या. इथं तुम्ही वाढता, आणि त्यांना पुढं जायला जागा नाही.”

ही चूक बाहेरच्या माणसानं केली नसती. ज्यानं शेळ्यांना शेंगांसाठी भांडताना कधी पाहिलंच नाही, तो त्यांना काहीही आणून घालेल, पण शेंगांचा ढीग लावणार नाही. ज्यांनी आयुष्यभर शेळ्या चारल्या त्यांच्याच हातून हे होतं. मी त्यांना तसं सांगितलं, पण त्यांना त्याचा आधार वाटला नसावा. त्या चितळीजवळ खाली बसल्या आणि तिच्या शिंगांच्या मधल्या जागेवर बोटं फिरवत राहिल्या.

औषध साधंच होतं. शेंगा बंद. जुलाबाचं मीठ आणि गोडं तेल नळीनं पोटात. भूक लागायची पावडर. भरपूर पाणी. मग कडब्याची कुट्टी, तुरीचं भूस, आणि झाडपाला घालायचा तो चार-पाच झाडांचा मिळून, वर टांगून. शेळीला मान उंच करून खायला आवडतं, जमिनीवर टाकलेलं ती तुडवते. शेंगा पुढं द्यायच्या झाल्या तर चुलीची राख घोळलेल्या पाण्यात भिजवून, धुऊन, आणि मूठभरच. राखेनं तुरटपणा बराच उतरतो.

परत येताना मी राजूरच्या फाट्यावर स्कूटी थांबवली आणि संतोषला फोन लावला. “शेळ्या जगतील,” मी म्हटलं.

तिकडून मशिनचा आवाज येत होता. “बरं, मॅडम,” तो म्हणाला.

जिभेवर खोटं आलं नाही, हे खरं. पण ह्या खरेपणात माझा स्वार्थही होता. गयाबाई गेल्या असत्या तर त्या सगळ्या तालुक्यात मला डबा उघडून बसायला एक झाड उरलं नसतं. खरं आणि फायद्याचं अशी दोन्ही एकाच बाजूला आली, की मला स्वतःचा संशय येतो. त्या दिवशी फाट्यावर उभी राहून मी बराच वेळ तो संशय चघळला आणि मग खोलीवर गेले.

चितळी तिसऱ्या-चौथ्या दिवशी उठली. पुढं तिला दोन पाटी, म्हणजे माद्या पिल्लं, झाल्या, त्यातली एक अगदी आईसारखी ठिपक्यांची. बाकीच्याही सुधारल्या. गयाबाई पहाटे शिवारातून पाला आणायच्या आणि गोठ्यात दोरीला ओळीनं डहाळे टांगायच्या, बोर, लिंब, सुबाभूळ, शेवरी. बंदिस्त शेळीपालनावर मी भाषण दिलं होतं ना, त्याचा नमुना म्हणून तो गोठा दाखवावा इतका झकास. मी दर आठवड्याला जायची. लेंड्या बोटांनी फोडायची, खूश व्हायची. शेळ्यांचं अंग तुकतुकीत झालं होतं. माझं सगळं लक्ष तिकडंच होतं. जनावराच्या डॉक्टरला माणसाकडं बघायची सवय नसते.

पाऊसकाळ निम्मा झाला होता. एका सोमवारी सकाळी सकाळीच मी वस्तीवर गेले. गयाबाई पाठमोऱ्या होत्या. स्कूटीचा आवाज ऐकून वळल्या, “या बाई” म्हणायला तोंड उघडलं, आणि नुसतीच घरघर बाहेर आली. त्या खाकरल्या. पुन्हा म्हणाल्या, “या,” तेव्हा कुठं तो शब्द निघाला, तोही खरवडल्यासारखा.

“घसा बसलाय का? सर्दी आहे?” मी विचारलं.

“न्हाई वो. सर्दी कशाची.” त्या डहाळा टांगत राहिल्या. “काल कुणाशी बोलले न्हाई. परवा बी न्हाई. त्याच्या आदल्या दिवशी तुमचा कंपौंडर आल्ता औषध द्यायला, त्येच्याशी बोलले तेवढंच.”

“शेळ्यांशी बोलता की.”

“काय बोलावं त्येंच्याशी?” गयाबाई म्हणाल्या. “डोंगरावर व्हत्या तं दिवसभर वरडावं लागायचं. हिकडं ये, तिकडं जाऊ नको, लोकाच्या पिकात शिरली का मेले! आता बांधलेल्या जाग्यावर बराबर गुमान खातेत. वरडायचं काम राह्यलं न्हाई.”

मी पेटी खाली ठेवली. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. शनिवार-रविवार दवाखाना बंद असायचा. मी खोलीत असायची. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा, दुकानवाल्याला चिठ्ठी खाली टाकली की सामान जिन्यावर यायचं. सोमवारी सकाळी दवाखान्यात पहिला माणूस आला, की माझ्या तोंडून पहिला शब्द असाच निघायचा. मी तो नेहमी राजूरच्या धुळीवर ढकलायची. इतक्या वर्षांत ते दुखणं काय आहे हे माझं मला ओळखता आलं नव्हतं. दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकलं तेव्हा लगेच कळलं.

“बाई,” गयाबाई म्हणाल्या, “पोरगा बलवून राह्यला. म्या आजवर त्येला शेळ्यांचं नाव सांगितलं. पर खरं सांगू का, शेळ्या बऱ्या झाल्या तरी मला बरं न्हाई वाटून राह्यलं. तुमी शिकलेल्या. सांगा, जाऊ का राहू? तुमी म्हणताल तसं करते.”

इतक्या वर्षांत मला हजारदा विचारलं गेलं असेल, मॅडम, हिला काय द्यावं, ह्याचं काय करावं. पण असा, एका माणसानं स्वतःबद्दल, माझ्या तोंडाकडं बघून विचारलेला प्रश्न तो पहिलाच. आणि त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. ते बोलायचं नव्हतं, एवढंच. ‘राहा’ म्हणायला अर्धा श्वाससुद्धा लागला नसता. ती बाई राहिली असती, माझ्या शब्दाखातर राहिली असती, आणि दर आठवड्याला माझी वाट बघत बसली असती. आठवड्यातून एकदा येणारी मी, हाच तिचा सगळा चारा झाला असता.

“जा,” मी म्हटलं. “गयाबाई, जा तुम्ही.”

त्यांनी हातातला डहाळा दोरीला अडकवला. मग म्हणाल्या, “शेळ्या?”

शेळ्या त्यांनी भाचीला दिल्या, पलीकडच्या गावात, जिथं चराईबंदी नव्हती. भाचीनं त्या नेल्या त्या दिवशी मीही तिथं होते. शेळ्या शिवारात शिरल्याबरोबर पांगल्या, एक बोरीला, एक हिवराला, चितळी कुणाच्या तरी बांधावर, आणि गयाबाई अशा काही कडाडल्या की भाची दचकली. “ये चितळे! लोकाची तूर हाय ती!” आवाज अगदी स्वच्छ, पूर्वीसारखा. मग त्यांच्या लक्षात आलं, की आता हे ओरडायचं काम भाचीचं आहे. त्या माझ्याकडं बघून हसल्या आणि डोळे पुसले.

पोळ्यानंतर संतोष जीप घेऊन आला. गाठोडी चढली, ज्वारीचं पोतं चढलं, नातीसाठी एक कुंडीभर तुळस चढली. मी शनिवार असूनही मुद्दाम गेले होते. गयाबाई पुढच्या सीटवर बसल्या, दार लावलं, मग काच खाली करून त्यांनी माझा हात धरला.

“आन तुमचं कसं?” त्यांनी विचारलं.

“माझं काय,” मी म्हटलं, “मला नोकरी आहे की.”

“नोकरी बोलती का?” गयाबाई म्हणाल्या.

संतोष म्हणाला, “आई, जल्दी कर, उशीर होऊन राह्यला,” आणि जीप निघाली.

त्या तिकडं रमल्या. सुरुवातीला लिफ्टला घाबरायच्या, नंतर लिफ्टमध्येच ओळखी करायला लागल्या. आमच्यासारख्या दहा गावच्या बायका त्या इमारतींत आहेत म्हणे, बुलढाण्याच्या, परभणीच्या, लातूरच्या. संध्याकाळी सगळ्या खाली जमतात. गयाबाईंचा आवाज फोनवर इतका चढा असतो, की मला फोन कानापासून लांब धरावा लागतो. मी ‘जा’ म्हटलं ते बरोबर होतं. त्याबद्दल मला आजवर कधी शंका आलेली नाही, आणि त्याचं दुःखही कमी झालेलं नाही.

त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी खोलीतच होते. सोमवारी सकाळी दवाखाना उघडला तर दारात एक तरणा शेतकरी वासरू घेऊन उभा. वासराचं पोट फुगलेलं. मी त्याला विचारायला तोंड उघडलं, की काय खाल्लं ह्यानं. ओठ हलले, पण आवाज फुटलाच नाही.

“सर्दी झाली काय, मॅडम?” त्यानं विचारलं.

मी मान डोलावली, खाली बसले आणि वासराच्या पोटाला कान लावला.